साहेबांची सेवापूर्ती

माझ्या धाकट्या दिरांना गावात साहेब म्हणतात. त्याचं कारण, ते एकदा एक परीक्षा पास झाले होते. ती पूर्वपरीक्षा होती, म्हणजे खऱ्या परीक्षेला बसायची परवानगी देणारी परीक्षा. लग्न जमवताना आधी फोटो पाठवतात, तेवढंच तिचं महत्त्व. आमच्या गावाने फोटोवरच वरात काढली.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, इनामगावच्या पुढे. शिरूरपेक्षा दौंड जवळ, पण तालुका शिरूर, म्हणून कागद काढायचे शिरूरला आणि रेल्वे पकडायची दौंडला. मधे ऊस. उसात बिबट्या. इनामगावात फार जुन्या काळची वस्ती खोदून काढली आहे, तिथे मडकी, भट्ट्या, धान्य साठवायची बळदं असं बरंच सापडलं. म्हणजे त्या लोकांना काम करावं लागत होतं. सत्काराचा फलक सापडल्याचं मी तरी ऐकलं नाही.

निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पांनी कार्यक्रम ठेवला. आप्पा म्हणजे आमचे माजी सरपंच. रस्त्याच्या दोन्ही अंगाला त्यांचा ऊस, सोसायटीत वजन, आणि कोणाचं काहीही झालं तरी माइक त्यांच्या हातात. उघडी जीप आणली. जेसीबीच्या बकेटमधून झेंडूच्या पाकळ्या उधळल्या. त्या जेसीबीने सकाळी ओढ्यातला गाळ काढला होता आणि बकेट नीट धुतली नव्हती, त्यामुळे पाकळ्यांबरोबर चिखलाची ढेकळंही आली. एक माझ्या पदरात पडलं. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर दिरांचा फोटो, त्यांच्या वर आप्पांचा त्याहून मोठा फोटो, आणि खाली ‘भावी उपजिल्हाधिकारी’. त्यातला ‘भावी’ इतका बारीक होता की वाचायला खांबावर चढावं लागलं असतं. कोणी चढलं नाही.

आप्पा माइकवरून म्हणाले, “आपल्या मातीतला पोरगा आता लाल दिव्याच्या गाडीत बसणार!”

मी नवऱ्याला हळूच म्हणाले, “लाल दिवे बंद झालेत ना?”

“गप बस,” तो म्हणाला, “शूटिंग चालू हाय.”

पुढे मुख्य परीक्षा झाली. दीर राहिले. पुढच्या वर्षी पुन्हा पूर्व पास, पुन्हा मुख्य नापास. त्याच्या पुढच्या वर्षी पूर्वही नापास. पण गावाला त्याचं काही नव्हतं. एकदा डोक्याला फेटा बांधला की उतरवायची रीत आमच्याकडे नाही. शाळेचं गॅदरिंग असो, शिवजयंती असो, दहावीच्या मुलांचा गुणगौरव असो, प्रमुख पाहुणे म्हणून साहेब. साहेब पुण्याहून यायचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आणि यशस्वी कसं व्हावं ते सांगायचे. टाळ्या पडायच्या. शाल, श्रीफळ मिळायचं. नारळाची चटणी व्हायची. शालींचा ढीग झाला तेव्हा मी तो सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला आणि गोधड्या शिवून घेतल्या. सत्काराची शाल इतकी पातळ असते की चार-पाच एकावर एक घातल्याशिवाय त्यातून ऊब निघत नाही.

आता माझं थोडक्यात सांगते. मी डी.एड. केलेली. आमच्या वेळी गल्लीगल्लीत डी.एड. कॉलेजं निघाली होती आणि शिक्षकांची भरती मात्र बंद. माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणी भरतीची वाट बघत बसल्या. शिरूरजवळच्या एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअरला माणूस हवं होतं, मी गेले. नट, बोल्ट, बेअरिंग, हातमोजे, ऑइल काय आलं, काय गेलं ते लिहून ठेवायचं. मला नाहीतरी याद्या करायची सवय, भाजीला जायचं तरी मी यादी करते. घरात हसतात. आता मी त्या स्टोअरची इन्चार्ज आहे. मुलं शिकवायचं माझं स्वप्न होतं का? होतं. पण स्वप्नाची एक गोष्ट कोणी माइकवरून सांगत नाही. ते सांभाळत बसायचं असेल, तर कोणीतरी दुसऱ्याने रोज भाकरी थापावी लागते.

दिरांची भाकरी मी थापत होते. पुण्यातली खोली परवडेना तेव्हा ते शिरूरला, माझ्या नोकरीपायी केलेल्या आमच्या बिऱ्हाडात, राहायला आले. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वहिनी, आणि दोघंही एकमेकांना अहो-जाहो करतो. त्यामुळे बहिणीला भावाच्या पाठीत धपाटा घालता येतो तसा मला घालता येत नव्हता. भाऊजी सकाळी पाण्याची बाटली घेऊन अभ्यासिकेत जायचे. अभ्यासिका म्हणजे एका गाळ्यात लाकडी खोपटी केलेली असतात, एकेका खोपट्यात एकेक भावी अधिकारी. दर तासाने ते सगळे खाली चहाला उतरतात आणि देश कसा चालवायला हवा ते ठरवतात. मग पुन्हा वर जातात. त्यांच्यातला एकजण तर डोक्यावरचे केस जाईपर्यंत भावी होता. तो सगळ्यांना सीनियर म्हणून मार्गदर्शन करायचा.

एकदा मी भाकरी वाढताना विचारलं, “भाऊजी, उपजिल्हाधिकारी सकाळी ऑफिसात गेला की पहिलं काम काय करतो?”

घास हातात.

“प्रशासन,” ते म्हणाले.

“म्हणजे काय करतो? खुर्चीत बसला, पंखा लावला. पुढे?”

“वहिनी, ते तसं सांगता येत नाही. ते पद आहे.”

तेव्हा मला कळलं की यांना काम नकोच आहे, पद हवं आहे. मला स्टोअरमध्ये सकाळी पहिलं काम काय असतं ते झोपेतसुद्धा सांगता येईल: रात्रपाळीने काय नेलं ते बघायचं.

त्या दिवशी मी अट घातली. खोली हवी असेल तर ज्या ज्या भरतीला बसता येतं तिचा फॉर्म भरायचा. मोठं पद मिळेल तेव्हा मिळेल. भाऊजींनी तोंड वाकडं केलं पण भरले. कोर्टाचा भरला, वन खात्याचा भरला, रेल्वेचा भरला. रेल्वेची परीक्षा त्यांनी ‘सराव म्हणून’ दिली. सराव म्हणून दिलेल्या परीक्षेत ते पास झाले. इतकी वर्षं इतिहास-भूगोल घोटलेला माणूस गँगमनच्या परीक्षेत नापास व्हायला तसं अवघडच होतं.

रेल्वे त्याला ट्रॅक मेंटेनर म्हणते. रुळांवरून चालायचं, ढिलं काय झालंय ते बघायचं, गिट्टी सारखी करायची, उन्हात, पावसात. लोक त्याला गँगमन म्हणतात. भरतीत शारीरिक चाचणी असते. वजन उचलून ठरलेल्या वेळात पळायचं, मग बिनवजनाचं आणखी लांब पळायचं. खोपट्यात बसून भाऊजींची चाल बदकासारखी झाली होती. मी म्हटलं, गावाला जा आणि वाळूचं पोतं घेऊन बांधावरून पळा, नाहीतर शिरूरमध्ये रस्त्यावर पळाल तर दोन्हीकडून दुचाकी. ते गेले. नापास झालो तर निदान वहिनीचं तोंड बंद होईल, असा त्यांचा विचार असावा.

आता आमच्या गावाचं डोकं बघा. उसाच्या कडेने साहेब खांद्यावर पोतं घेऊन पळताहेत, हे गावाने पाहिलं. दुसऱ्या कुठल्या गावात लोकांनी विचारलं असतं, की बाबा का पळतोस? आमच्याकडे विचारत नाहीत. आमच्याकडे आधी ठरवतात. आप्पांनी ठरवलं की साहेब फौजदाराच्या भरतीत उतरले आहेत. संध्याकाळपर्यंत गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाऊजींचा पोत्यासकट फोटो आणि खाली ओळ: ‘साहेब लवकरच खाकी वर्दीत’. त्याखाली हात जोडलेले, फुलं, वाघ. तीन दिवसांत पारावर त्यांच्या पहिल्या पोस्टिंगची चर्चा सुरू झाली.

“शिरूर ठाण्यालाच घ्यायला सांगा,” पारावरचा एकजण भाऊजींना म्हणाला, “आमच्या मोटारसायकलचं एक मॅटर हाय.”

भाऊजींनी त्याला नाही म्हटलं नाही. ते कधीच कोणाला नाही म्हणाले नाहीत. त्यांच्या दहा वर्षांच्या अभ्यासातला हा सगळ्यात पक्का झालेला धडा.

चाचणी पास झाले. कागदपत्रं तपासून झाली, मेडिकल झालं. दौंडला हजर व्हा असं पत्र आलं. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि मिठाई आणायला निघाले. भाऊजी म्हणाले, “थांबा वहिनी. इतक्यात कोणाला सांगू नका.”

मग त्यांनी आजारी असल्याचं कारण देऊन हजर व्हायची मुदत वाढवून घेतली. त्यांच्या एका मुख्य परीक्षेचा निकाल लागायचा होता. तो लागला. ते राहिले. वयाची मर्यादाही आता संपत आली होती, आणखी एक संधी, ती म्हणजे शेवटची. रेल्वेचं दुसरं पत्र आलं, त्यात साफ लिहिलं होतं की या तारखेला हजर झाला नाहीत तर निवड रद्द.

सुट्टीच्या दिवशी आम्ही सगळे गावाला जमलो. सासरे, त्यांना मी मामा म्हणते, ओसरीवर टेकून बसले होते. सासूबाई, म्हणजे आत्या, दारात. नवरा पाण्याच्या मोटरीचं निमित्त काढून विहिरीवर गेला. अवघड बोलणं असलं की आमची मोटर बिघडते.

“माझा फोकस जाईल,” भाऊजी म्हणाले. “एकदा त्या लाइनीला गेलो की माणूस तिथंच राहतो, वहिनी. एक अटेम्प्ट. फक्त एक.”

“आणि नाही झालं तर?”

“निगेटिव्ह बोलू नका.”

“मी निगेटिव्ह बोलत नाही, तारीख बोलते आहे.”

आत्या म्हणाल्या, “अगं पण लोकं काय म्हणतील? साहेब म्हणून डोक्यावर घेतला, आन् आता रुळावर हातोडा घेऊन?” आत्यांचं दुखणं वेगळं होतं. बचत गटाच्या बैठकीत बाकीच्या बायका सतरंजीवर बसतात आणि साहेबांच्या आईला खुर्ची देतात. गुडघे दुखतात हे खरं, पण खुर्ची गुडघ्यांसाठी मिळाली नव्हती.

आमच्या घरात पूर्वी मेंढरं होती. मामांचं लहानपण कळपामागे कोकणाच्या वाटेला चालण्यात गेलं, जमीन नंतर झाली. त्यांनी पानाला चुना लावला आणि म्हणाले, “मी मेंढरामागं चाललो. ह्यो रुळामागं चालंल. मेंढरू इकडंतिकडं पळतं तरी. रूळ कुठं पळतोय?”

“आबा, तो वेगळा काळ होता,” भाऊजी म्हणाले. ते वडिलांना आबा म्हणतात.

“व्हय. तवा आम्हाला कोण साहेब म्हणत नव्हतं. चालायला सोपं जायचं.”

एवढं बोलून मामांनी पान तोंडात टाकलं. भाऊजी ओसरीला टांगलेल्या जोंधळ्याच्या कणसांकडे बघत बसले. मला तेव्हा स्पष्ट दिसलं. यांना नोकरी नको आहे असं नाही. यांना चौकातून जाता येत नाहीये. इतक्या वर्षांचे फेटे, भाषणं, तो फौजदार, ती शिरूर ठाण्यातली मोटारसायकल, हे सगळं चौकात उभं आहे आणि दौंडची एसटी चौकातूनच सुटते.

मग मी आप्पांकडे गेले. ते सोसायटीच्या ऑफिसात पेपर वाचत होते.

“बसा सूनबाई. साहेबांचं काय म्हणतंय?”

“रेल्वेत नोकरी लागली आप्पा.”

“वा! टीसी?”

“नाही. ट्रॅक मेंटेनर.”

“म्हंजी इंजिनियर.”

“म्हणजे गँगमन.”

आप्पांनी दाराकडे बघितलं. “जरा आवाज खाली घ्या.” मग पेपर घडी करत म्हणाले, “आन् फौजदाराचं काय?”

“फौजदार तुमच्या ग्रुपवर होता. आमच्या घरी तो कधी आलाच नव्हता.”

“आयला. पंचाईत झाली. मी तर साखर कारखान्याच्या मीटिंगमधी बी सांगून बसलोय.” त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं, भाऊजींसाठी नव्हे, मीटिंगसाठी. “दुसरी नोकरी बघा की एखादी. गावाला काय सांगायचं?”

मला राग आला. रागात मी म्हणाले, “मग तुम्ही सेवापूर्ती समारंभ करा. शिक्षकांचा करता, जवानांचा करता. यांनी इतकी वर्षं अभ्यासाची सेवा केली, आता निवृत्त होताहेत. शाल द्या, श्रीफळ द्या, आणि मोकळं करा.”

मी टोमणा मारला होता. तो आप्पांना लागायला हवा होता. पण ज्याला रोज एक कार्यक्रम लागतो त्याला टोमणा लागत नाही. ते खुर्चीत पुढे झाले.

“बेस हाय हे! अभ्यासपूर्ती सेवा... न्हाई, सेवापूर्ती सोहळा. आन् नव्या वाटचालीस शुभेच्छा. कुठल्या वाटचालीस ते लिवायचंच न्हाई. कवा जायचंय दौंडला?”

मी तारीख सांगितली.

“त्याच दिवशी सकाळी दहाला घेऊ. कार्यक्रम झाला की गाड्या काढून वाजतगाजत सोडू स्टेशनात.”

“आप्पा, दहाला तर तिथे हजर व्हायचं आहे.”

“रेल्वे कवा टायमावर आली हाय का? थांबतील.”

“एक दिवस आधी ठेवा मग.”

“आदल्या दिवशी बाजार. माणसं कुठं मिळायची?”

मी खूप सांगून पाहिलं. आप्पांनी तोवर फ्लेक्सवाल्याला फोन लावला होता. मला सेवापूर्तीची कल्पना सुचावी याची शिक्षा मिळाली ती अशी. भाऊजींना मी घरी येऊन सांगितलं, तर इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी आली.

“सेवापूर्ती? आप्पा स्वतः करणार?”

“हो. आणि वेळ दहाची ठेवली आहे. दहालाच तुम्हाला दौंडला हजर व्हायचं आहे.”

“फेटा कुठल्या रंगाचा सांगितलाय?”

या माणसाने आजवर एकही सत्कार चुकवला नव्हता. पुण्यात ताप असताना एसटीने येऊन त्यांनी बालवाडीचं स्नेहसंमेलन केलं होतं. त्या दिवशी दौंडची वेळ आणि चौकातला फेटा यांत काय जिंकेल, यावर पैज लावायची असती तर मी फेट्यावर लावली असती.

“भाऊजी, रद्द होईल निवड. पत्रात लिहिलंय.”

“बघू,” ते म्हणाले.

आदल्या दिवशी मी त्यांची सगळी कागदपत्रं एका फाइलमध्ये लावली. मूळ प्रती पुढे, झेरॉक्स मागे, फोटो पाकिटात, पेन खिशाला. फाइल देवळीत ठेवली. ट्रंकेत कपडे, ताट-वाटी, आणि शालींच्या गोधड्यांपैकी एक. भाऊजी बघत होते. संध्याकाळी चौकातून ट्रॅक्टर मंडपाचे बांबू घेऊन गेला, तेव्हा ते दारात जाऊन उभे राहिले. फ्लेक्स चढवताना बघितला. परत येऊन म्हणाले, “फोटो जुना लावलाय.”

सकाळी मी चुलीवर भाकरी टाकत होते. बाहेर दूधवाल्या टेम्पोचे कॅन वाजत होते. तो रोज गावातलं दूध घेऊन दौंडला जातो. भाऊजी आत आले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट नव्हता. जुना चौकडीचा होता, पायात कॅनव्हासचे बूट.

“वहिनी, फाइल द्या.”

मी भाकरी तव्यावर तशीच ठेवून फाइल दिली. “आणि कार्यक्रम?”

“तुम्ही आहात ना.” ते ट्रंक उचलत म्हणाले. “एकदा फेटा बांधला की मी उठणार नाही तिथून. मला माहिताय.”

“भाकरी तरी घ्या.”

त्यांनी चुलीपुढे शेकत ठेवलेली अर्धी कच्ची भाकरी उचलली, हातात खेळवत गेले आणि कॅनच्या मधे टेम्पोत चढले. आत्या गोठ्यातून येईपर्यंत टेम्पो चौक ओलांडून गेला होता. टेम्पोत ते ट्रंकेवर बसले होते आणि मागे त्यांच्याच फोटोचा फ्लेक्स. त्यांनी वळून बघितलं की नाही ते मला दिसलं नाही. मला भाकरी करपल्याचा वास आला, म्हणून मी आत गेले.

दहा वाजता चौकात साहेबांच्या जागी मी. मंडप भरलेला, स्पीकर तयार, फ्लेक्सवर ‘सेवापूर्ती सोहळा’, खाली भाऊजींचा जुना फोटो. मामा पहिल्या रांगेत, आत्या त्यांच्याशेजारच्या खुर्चीत, शेवटच्या वेळी का होईना. आप्पा आले आणि इकडेतिकडे बघू लागले.

“साहेब कुठायत?”

“दौंडला. हजर व्हायला गेले.”

“आता? आमचं ठरलं होतं की!”

“रेल्वेचंही ठरलं होतं.”

आप्पांनी मंडपाकडे बघितलं, ताटातल्या शालीकडे बघितलं, फेटा बांधायला शिरूरहून आणलेल्या माणसाकडे बघितलं. तो गुलाबी कापड खांद्यावर टाकून उभा होता. आप्पांच्या चेहऱ्यावर गोंधळ जेमतेम दोन घोट चहा पिण्याइतका टिकला. मग गर्दीतून कोणीतरी म्हणालं की गिरणीवाल्याची मुलगी परवाच पूर्वपरीक्षा पास झाली. आप्पांनी माइक हातात घेतला.

“बोलवा तिला! आपल्या मातीतली लेक!”

गिरणीवाल्याची मुलगी पिठाच्या अंगानेच आली. सुशील आहे, हुशारही आहे, गिरणीचा हिशोब तीच बघते. तिला खुर्चीत बसवलं, गुलाबी फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. वर ‘सेवापूर्ती सोहळा’ आणि माझ्या दिरांचा फोटो. म्हणजे आमच्या गावात एका मुलीचं करिअर निवृत्तीच्या फलकाखाली सुरू झालं आणि एकाही माणसाला त्यात काही विचित्र वाटलं नाही. आप्पा म्हणाले, “भावी उपजिल्हाधिकारी!” टाळ्या पडल्या. मामा तेवढे उठून गेले.

मी पुढे होऊन तिच्या हातात हात दिला. “रेल्वेचा फॉर्म निघाला की मला फोन कर,” मी म्हणाले. “आणि गिरणी सोडू नकोस.”

“व्हय काकी,” ती म्हणाली. मग फेटा सावरत, “एक फोटो होऊ द्या की तुमच्यासंगं. साहेबांच्या वहिनी म्हणून.”

मी फोटो काढू दिला. तिच्यावर काय रागवायचं? राग ज्यांच्यावर होता ते माइकसमोर होते, आणि त्यांना अजून अर्धा तास बोलायचं होतं.

मी संध्याकाळी शिरूरला परतले तेव्हा भाऊजींचा फोन आला. मागे गाडीची शिट्टी ऐकू येत होती.

“हजर झालो वहिनी. सही केली. बूट मिळाले, जॅकेट उद्या देणार आहेत.”

“राहायचं?”

“दोघांत एक खोली आहे. गोधडी कामाला येईल, इथं वारा फार आहे.”

“तिथेही साहेब म्हणतात का?”

“इथं साहेब दुसरे आहेत,” ते म्हणाले. “मला ‘ए नवीन’ म्हणतात.”

आवाजात तक्रार नव्हती. शिट्टी पुन्हा वाजली आणि मागे कोणीतरी खरंच ओरडलं, “ए नवीन! चल, घे ते!”

“आलो, आलो!” भाऊजी तिकडे ओरडले. इतक्या चटकन ओ देताना मी त्यांना आमच्या घरी कधी ऐकलं नव्हतं. “ठेवतो वहिनी. कार्यक्रम झाला का?”

“झाला. गिरणीवाल्याच्या मुलीचा.”

ते हसले. मग घाईघाईत म्हणाले, “फेटा कुठल्या रंगाचा होता?”

“गुलाबी.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “गुलाबी मला शोभत नाही.”